मशीन नक्की कोणाच्या बाजूचं?

ती. ताईंस,

मेहुण्याचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे आता जिना चढू देत असतील, अशी आशा आहे. आम्ही इकडे आकड्यांत सुखरूप आहोत.

डॉक्टरांनी मला आठवडाभर घरीच दिवसातून चारदा बीपी मोजून वहीत लिहायला सांगितलं. मशीन आलं आणि तुमच्या बहिणीने त्याचा ताबा घेतला. उठल्यावर, जेवणाआधी, दुकानातून आल्यावर आणि झोपताना ती माझ्या दंडाला पट्टा बांधते, बोलू नका म्हणते (ही संधी ती कशी सोडेल?) आणि आकडा लिहिते. मला पहिल्या दिवसापासून संशय आहे. तिने बांधला की वरचा आकडा एकशे साठ. मी मशीन पिशवीत लपवून दुकानात नेलं, गिऱ्हाईक नसताना मोजलं, तर एकशे तीस! चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतोय, ताई. माणसाचं तोंड बघून चालणारं यंत्र मी ओळखतो. मीठ बंद, तळलेलं बंद, सगळं त्या एकशे साठच्या जोरावर चाललंय.

मग मी पुरावे गोळा करायला लागलो. आधी पट्टा उशीला बांधला (उशीचं बीपी आलं नाही, तेवढा प्रामाणिकपणा मशीनमध्ये आहे). काल दुपारी म्हटलं, आता तुझा दंड दे. मला काय धाड भरलीय म्हणत ती उठून चालली होती, पण मी पट्टा अडकवलाच. एकशे अठ्ठ्याऐंशी! मी टाळीच वाजवली. तिने आकडा पाहिला आणि म्हणाली, "तुमचंच बरोबर. बिघडलंय मशीन." लगेच ते माळ्यावर टाकलंसुद्धा. लग्नाला चौतीस वर्षं झाली, 'तुमचंच बरोबर' मी पहिल्यांदा ऐकलं. एरवी गल्लीभर सांगत फिरलो असतो, पण काल माझं जेवणात लक्ष लागलं नाही.

असो. मशीन खोटं ठरलं, तेव्हा काळजी नसावी. सवडीने केव्हाही या.

तुमचा,
संशयी मेहुणा

ता. क. : सवडीने नको, लगेच या. तुम्हालाच चक्कर येते, डॉक्टरकडे सोबत हवी, असं तिला सांगा. तुमच्यासाठी ती येईल. स्वतःसाठी उंबरा ओलांडणार नाही. डॉक्टरांना मी आधीच सांगून ठेवतो. आज मशीन माळ्यावरून काढून औषधाच्या दुकानात नेलं, त्यांच्या मशीनशी ताडून पाहिलं. काही बिघडलेलं नाही.

आणखी एक ता. क. : आत्ता पत्र पाकिटात घालण्याआधी वही चाळली. शेवटच्या पानावर तिच्या अक्षरात तिचे स्वतःचे आकडे आहेत, पाच दिवसांचे, तारखेसकट. एकही एकशे ऐंशीच्या खाली नाही. ताई, मला फार भीती वाटतेय. पहिल्या गाडीने या.