मागचे शॉकअप आणि आईंचं वजन

ताईंना,

वाकून नमस्कार (पोस्टाने जेवढं वाकता येतं तेवढा). तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? भावोजींचा खोकला गेला असेल, आणि नसेल तर त्यांनी डॉक्टरकडे जायचं निदान कबूल तरी केलं असेल. इकडे आम्ही तिघंही ठीक. तुमचे बंधू ठीक म्हणजे होते तसेच आहेत. कुठलीही वस्तू बिघडली की त्यांच्याकडे एक सोपा उपाय असतो, आणि तो केला की दुसरी बिघडते. पत्र लांबणार आहे. चहा ठेवला असेल तर गॅस बंद करून या.

विषय बाबांच्या मोटरसायकलचा. ती मी रोज पार्सल ऑफिसला नेते, हे तुम्हाला माहीत आहे. (दहा मिनिटांच्या वाटेला गाडी कशाला, असं तुमचे बंधू म्हणतात. उभी राहिली की बॅटरी रुसते, असं मी म्हणते. दोघांचंही खरं आहे.) आई याच सीटवर सव्वीस वर्षं बाबांच्या मागे बसल्या. ते गेल्यापासून जिथे चालत जाता येत नाही तिथे त्या जातच नाहीत. दोन महिन्यांपूर्वी डोळे तपासायचे होते म्हणून मी आग्रह करकरून त्यांना मागे बसवलं. डोळ्यांच्या दवाखान्याच्या अलीकडे एक गतिरोधक आहे. त्यावर गाडी एकदम हलकी झाली, मग एकदम जड झाली. दवाखान्याशी उतरल्यावर आई कमरेला हात लावून म्हणाल्या, "मधे क्षणभर मी आणि गाडी वेगवेगळ्या होतो." येताना त्या पाऊण तास चालत आल्या. मी शेजारून पहिल्या गिअरमध्ये. महिनाभर त्यांनी गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. अंगणातून जाताना मान दुसरीकडे. कमरेचं दुखणं मलमाने गेलं, पण हे मान फिरवणं माझ्याच्याने बघवेना.

तुमच्या बंधूंचा सोपा उपाय म्हणजे उशी. सीटवर फोमची उशी ठेवून त्यांनी ती पट्ट्याने आवळली आणि आईंच्या आधी स्वतः बसून दाखवतो म्हणाले. पहिल्याच वळणावर उशी डावीकडे गेली. उशीबरोबर तेही गेले. (लागलं काही नाही. भाजीच्या दुकानासमोर पडले, त्यामुळे दोन बायकांनी उठवलं आणि एकीने पालकाची जुडी झटकून परत घेतली.)

मग मी गाडी मेकॅनिककडे नेली. त्याला सगळे बघू म्हणतात, कारण कुठल्याही प्रश्नाला तो "बघू" एवढंच उत्तर देतो. त्याने सीटवर दोन्ही हातांनी एकदा दाब दिला आणि सोडला. गाडी वर आली, खाली गेली, वर आली, खाली गेली. शाळेत बाई ओरडताना आपण मान डोलवायचो तशी डोलवत राहिली. मागच्या चाकाच्या दोन बाजूंना जे शॉकअप असतात त्यांतलं तेल कधीच गळून गेलं होतं, नुसत्या स्प्रिंगा उरल्या होत्या. नवे घालायचे, आणि घालायचेच तर जरा बरे, स्प्रिंग कमीजास्त आवळता येणारे घालायचे असं ठरलं. त्यावर बघूने मागे कोण बसणार, असं विचारलं. सासूबाई, म्हटलं. वजन किती?

ताई, तुमच्या आईचं वजन तुम्हाला तरी माहीत आहे का? मी आदराने पंचावन्न सांगितलं.

नव्या शॉकअपनी गाडी दोन बोटं उंच झाली. आता साइड स्टँड आखूड पडून ती अशी कलायची की येणाराजाणारा तिला सावरायला धावायचा. (स्टँडच्या पायाला बघूने लोखंडाचा तुकडा जोडला, तेव्हा ते थांबलं.) आईंना मी नुसतं गल्लीच्या टोकापर्यंत चला म्हटलं. कशाबशा चढल्या. निघालो, तर मागून घर्र आवाज सुरू, चाक मडगार्डला घासत होतं. "हा आवाज माझा की गाडीचा?" त्यांनी विचारलं. मी गाडीचा म्हटलं. बघूने मात्र माझ्याकडे बघून पुन्हा तोच प्रश्न विचारला, आणि या वेळी खरा आकडा आणा म्हणाला.

खरा आकडा आणायचा कसा? शेवटी मी घरी मुद्दाम डबा विसरून गेले. ऑफिसात मोठा वजनकाटा आहे, त्यावर एक स्टूल ठेवलं आणि स्टुलाचं वजन वजा करून काटा शून्यावर आणला. आई डबा घेऊन घामाघूम आल्या. टेका जरा, म्हटलं. टेकल्या. पण आमच्या काट्याचा आकडा गिऱ्हाइकांच्या बाजूला, लाल दिव्यांत, वीतभर उंच उमटतो, हे मी रोज बघूनही विसरले होते. एकाहत्तर किलो चारशे. रांगेतल्या पहिल्या माणसाने तो मोठ्याने वाचला आणि हे पार्सल कुठे चाललंय म्हणून चौकशी केली. मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. आई उठल्या, डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "त्या मेकॅनिकला सांग, आकडा डब्यासकट आहे." (मेकॅनिकला आकडा हवा आहे हे घरात त्यांना कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही. आपण दोघी एकाच माणसाला ओळखतो.)

बघूने हूक पाना लावून स्प्रिंगा तीन खाचा आवळल्या आणि काल सकाळी आई स्वतःहून चपला घालून अंगणात उभ्या राहिल्या. आम्ही थेट दवाखान्याच्या रस्त्याला लागलो. गतिरोधक आला. गाडी वर गेली, खाली आली आणि गप्प बसली, डोलणं नाही की घासणं नाही. मग आई म्हणाल्या, "वळव. पुन्हा एकदा जा." पुन्हा गेलो. तिसऱ्यांदाही गेलो. दवाखान्याचा पहारेकरी खुर्चीतून उठून उभा राहिला. चौथ्या वेळी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "ते ब्रेकर आला की आधी 'धर' म्हणायचे. तू म्हणत नाहीस." चौदा महिन्यांत बाबांविषयी त्या पहिल्यांदाच आपणहून बोलल्या. पाचव्या वेळी मी "धरा" म्हटलं. त्यांनी धरलं.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला जपा.

तुमची वहिनी

ता. क. आता खरं कारण लिहिते. बाबा गेल्यावर पंधरवड्यातच तुम्ही गाडी विकून टाका म्हणालात. तुम्ही काळजीपोटी म्हणालात, आईंना वेगळं ऐकू आलं. तेव्हापासून तुम्हा मायलेकींचा फोन "जेवलीस का", "हो" एवढ्यावर संपतो, आणि फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ त्याच्याशेजारी बसून राहतात. काल घरी येताना त्यांनी विचारलं, ताईकडचा रस्ता कसा आहे गं. चांगला आहे, म्हटलं. पण बोलावल्याशिवाय त्या येणार नाहीत. तेव्हा दोन ओळी लिहा, माझ्या नावाने नको, त्यांच्या नावाने. मी सुचवलं हे कळू देऊ नका.

ता. ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी आईंनी हे पत्र वाचलं. शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या आणि पुढचं स्वतः सांगून लिहून घेतलं: "बोलावण्याची वाट बघत बसायला मला वेळ नाही. रविवारी सकाळी निघतोय. रागावली असशील तर रागावलेली राहा, पण फाटक उघडं ठेव. गाडी आत घ्यायची आहे."