पडवीपर्यंत द्राक्षंच

स्टॅनमोर, १४ मार्च

चि. अनुयास,
आजोबांचे अनेक आशीर्वाद.

तुझं लग्न ठरल्यापासून मी शार्दूलविक्रीडितातच चालतो आहे. काल बसस्टॉपवर एक चरण जरा मोठ्याने म्हटला, तर शेजारची बाई दोन पावलं सरकली! तुझी मंगलाष्टकं लिहून झाली. पण लग्नासाठी तू केंटमधली ती जुनी सहकारी वाइनरी ठरवलीस, तिथे मी अडलो. माझ्या वडिलांच्या दारूने घराचं काय झालं, ते तू ऐकलं आहेस. जिथे दारू बनते त्या वास्तूत पाऊल टाकणार नाही, असा शब्द मी शाळकरी वयात आईला दिला. आई गेली, शब्द राहिला. घरूनच अक्षता टाकीन. रुसू नकोस.

तुझा,
आजोबा

क्रॉयडन, १९ मार्च

ती. आजोबांना सा. न.

रुसले नाही, रडले. आर्किटेक्ट म्हणून या बिल्डिंगची दुरुस्ती हे माझं पहिलं काम. पूर्वी छोट्या शेतकऱ्यांनी मिळून ती बांधली, पण बांधली चर्चसारखी! विटांच्या उंच कमानी, आणि गरम हवा बाहेर जावी म्हणून अगदी वर खिडक्या. दोन्ही बाजूंना सिमेंटच्या टाक्या आहेत, आता रिकाम्या. वाइन बनणं कधीच बंद झालं, पण खोटं कशाला सांगू, वास अजून येतो. बाहेर नुसत्या छपराची पडवी आहे. तिथे द्राक्षांचं वजन व्हायचं, मग ती कमानीतून आत जायची. एको तर असा की मी शिंकले, तर बिल्डिंगसुद्धा शिंकली.

अंशुमन म्हणतो, आजोबा नसतील तर मंगलाष्टकं फोनवर लावू या का? मी म्हटलं, मग नवरीपण फोनवरच बघ. तुम्ही म्हणाल तर हॉल बदलते, इल्फर्डला एक मिळतोय. खरंच सांगा.

तुमची लाडकी (अजून आहे ना?),
अनुया

स्टॅनमोर, २३ मार्च

चि. अनुयास,
अनेक आशीर्वाद.

लाडकी आहेसच. हॉल बदलू नकोस. तुझं पत्र वाचता वाचता मी मनाने त्या द्राक्षांबरोबर निघालो आणि पडवीत थांबलो. अगं, तिथपर्यंत तर ती नुसती द्राक्षंच होती! पुढचं जे काही व्हायचं, ते कमानीच्या आत.

तेव्हा अंतरपाट कमानीच्या आतल्या अंगाला, अगदी तोंडाशी धरा. तुम्ही दोघं आत, मी पडवीत. चरणातल्या प्रत्येक यतीवर क्षणभर थांबेन, म्हणजे कमानींनाही त्यांची ओळ म्हणता येईल. आणि अंशुमनला सांग, 'सावधान' ऐकू आलं नाही ही सबब चालणार नाही. तिथे ते दोनदा ऐकू येईल.

आईला शब्द दिला होता तो पायांचा. आवाज आत जाऊ दे.

लोभ आहेच, तो तुम्हा दोघांत वाटून घ्या.

तुझा,
आजोबा