माझ्या खांद्यावर शून्य किलो

१७ ऑक्टोबर
पोचले. ओसाकाहून दोन आगगाड्या, एक बस, शेवटी इसाओ आजोबांचा ट्रक—मागे, कोबीच्या गड्ड्यांसोबत. शिबिर दहा दिवसांचं. बाहेरचे आम्ही चौघे: नेदरलँड्सचा वाउटर (उंची १९८!), दोन कोरियन भाऊ आणि तैवानची मी. देवळाच्या पायऱ्या बसवायच्या, वाटेवरचं गवत कापायचं. मी सहा वर्षं या देशात, म्हणून दुभाषीही मीच.

आजोबा गावाचे प्रमुख. वय ८१. "बाई इंजिनिअर आहे," त्यांनी सगळ्या गावाला सांगितलं. सगळं गाव म्हणजे अकरा माणसं.

१८ ऑक्टोबर
पायऱ्या हे निमित्त! खरं काम २६ तारखेला—देवाची पालखी नदीपर्यंत न्यायची. खांदे आठ लागतात. गावात उचलू शकणारे आजोबा धरून चार उरलेत. शेजारच्या गावाला एका वर्षी सातच मिळाले. पालखी गोदामात गेली, ती पुन्हा निघालीच नाही.

म्हणजे आठवी मी.

२० ऑक्टोबर
पाऊस. पायऱ्या बंद. सगळ्यांचे खांदे मोजले, जमिनीपासून. गावकरी आणि कोरियन भाऊ १३४ ते १३७ सेंमी. वाउटर १६५. त्याला बेडकासारखं चालावं लागेल. त्याने लगेच चालून दाखवलं. आजोबा हसता हसता पायरीवरून घसरले—आम्ही कालच बसवलेल्या.

माझा खांदा १२४.

२१ ऑक्टोबर
दांडी १३५ वर. माझा खांदा १२४ वर. मध्ये ११ सेंमी हवा. माझ्या वाट्याचा भार: शून्य किलो. दोनदा तपासलं.

उपाय सुचवला—पुढे बुटके, मागे उंच, दांडी उतरती. सगळ्यांना भार मिळतो.
आजोबा तक्ता बघून म्हणाले, "देवाला घसरगुंडीवर बसवतेस का पोरी?"
उतार फक्त चार अंश होता.

२३ ऑक्टोबर
तालीम, रिकाम्या दांड्यांवर. पालखी हलवत न्यायची असते म्हणे. मी सांगितलं, हलवली की भार दीडपट होतो.
"नाही हलवली तर देव झोपतो," आजोबा. "मग वर्षभर तूच उठव त्याला."

खांद्यावर टॉवेलची गुंडाळी ठेवून पाहिली. तिसऱ्या हिसक्याला वाउटरच्या डोक्यावर. तो तशीच घालून जेवायला बसला.

२४ ऑक्टोबर
सुमिए आजींकडे देवळाच्या किल्ल्या असतात. त्यांच्यासोबत मुळे धूत होते. का कोण जाणे, सांगून टाकलं—मी आठवी नाहीच. आठवीची जागा अडवून उभी आहे. गावाला सात खांद्यांची पालखी मिळणार आणि कोणाला कळणारही नाही.

"शून्य म्हणजे अगदी शून्य?"
"अगदी."
"बघू बाई, तो मुळा नीट घास. माती राहिलीय."
कोणाला सांगू नका, म्हटलं. मान हलवली त्यांनी. हो की नाही, कळलं नाही.

२५ ऑक्टोबर
पायऱ्या संपल्या. बावीस. सगळ्या समपातळीत. कोणी कौतुक केलं नाही. आजोबा एकेका पायरीवर उड्या मारून गेले.

२६ ऑक्टोबर
निघाली पालखी! आजोबांची "वाश्शोइ! वाश्शोइ!" ही आरोळी, मागून आम्ही. वाउटर बेडूक. विसाव्या पावलाला माझा टॉवेल चिखलात. आता शून्य, म्हटलं, आणि रिकाम्या खांद्याने ओरडत राहिले.

मग दांडी खाली आली. माझ्या खांद्यावर. पूर्ण वजनाने! ६४० मीटर, नदीपर्यंत, एकदाही वर गेली नाही. देव भरपूर हलला. वजन इतकं, की ओरडायचं विसरले.
"इंजिनिअरबाई, झोपलात का?" आजोबा पुढून ओरडले. आवाज जरा चिरकला होता.

दांडी लाकडाची. वाकली तरी दोन सेंमी. उरलेल्या नऊचा हिशोब लागत नाही.

२७ ऑक्टोबर
उजवा खांदा निळा-जांभळा. न्याहारीला आजोबा पायऱ्या बसून-बसून उतरले. कोरियन भाऊ भिंत धरून. वाउटर आडवाच. खोलीभर औषधी पट्ट्यांचा वास. सुमिए आजी त्या वाटत होत्या—गुडघ्यांवर लावायला. मी मोजले. चौदा गुडघे.

"आजी, कोणाला सांगितलंत?"
"कोणाला नाही गं. सातच जणांना."