आखाजीचं मूळ आणि शिशाचं पेट्रोल

२० एप्रिल १९९७, असोदा
गाडी आली! मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून घेतलेली, परदेशी बनावटीची, जवळजवळ नवी. बठ्ठी गल्ली, लहानथोर सगळी, बघत होती. मी मुद्दाम कोणाकडे बघितलं नाही. लगेच धुळ्याला व्याही गिरधर नानांना फोन. लेकीची, कुंदाची, लग्नानंतरची पहिली आखाजी, अक्षय्य तृतीयेला माहेरी यायचा सण. मूळ, म्हणजे माहेरचं बोलावणं, गेल्याशिवाय सासरचे पाठवत नाहीत. मला मुलगा नाही, तेव्हा तिला आणायला जाणारा मुराळी मीच. म्हटलं, कारने येतो. नाना म्हणाले, गल्लीत सांगून ठेवतो.

२२ एप्रिल
गाडीचं पुस्तक वाचलं. एक्झॉस्टच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर आहे म्हणे. धुरावरून इंजिनला सांगतो, पेट्रोल कमी कर, जास्त कर. शिशाचं पेट्रोल घातलं की त्याच्यावर लेप बसतो आणि तो आंधळा होतो. फक्त बिनशिशाचं घालावं. घालू. त्यात काय.

२३ एप्रिल
जळगावचे सगळे पंप पालथे घातले. बिनशिशाचं कुठेच नाही. एका पंपवाल्याने सांगितलं, ते मुंबईला मिळतं, तिकडेच जा भरायला. माणसं उद्धट झालीत.

२५ एप्रिल, पहाटे
सुचलं! शिसं जड. जड वस्तू तळाशी बसते. पेट्रोल ड्रममध्ये स्थिर ठेवायचं, वरचं वरचं घ्यायचं. विहिरीचं गढूळ पाणी आपण असंच निवळतो ना. पुस्तक लिहिणाऱ्यांना शेती माहीत नसावी.

२६ एप्रिल
तळाशी काहीच दिसलं नाही. म्हणजे शिसं फार बारीक. केळीच्या ठिबकचा जाळीचा फिल्टर काढून त्यातून गाळलं. दोनदा. आता शंभर टक्के शुद्ध. बागेत पाणी बंद पडलं म्हणून घरात कटकट.

१ मे
डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. छान दिसतो.

४ मे, रविवार
काळा धूर. गाडी गचके खाते, पेट्रोल ढोसते. जळगावच्या सुकदेव मेकॅनिकने सेन्सर काढून दाखवला, वर राखेसारखा थर. फिल्टरचं सांगितलं तर तो खाली बसून हसला. म्हणाला, शिसं पेट्रोलमध्ये विरघळलेलं असतं, भाऊ, साखरेचं पाणी गाळून साखर निघते का? नवा सेन्सर मुंबईहून, आखाजीनंतर. तोच परत बसवून दिला. मनाला लावून घेतलं नाही.

६ मे
ही म्हणाली, मी चालली जाते एस.टी.ने, मले काही लाज नाही वाटत. तिला काय सांगू! नानांचा फोन आला होता. गल्लीतली पोरं कार बघायला रोज ओट्यावर येतात. आता एस.टी.ने उतरायचं कसं? ना पुढे जाता येतं, ना मागे.
ठराव : हळू चालवायची. उतारावर इंजिन बंद. पोहोचणारच.

८ मे, सकाळी
आज निघायचं होतं. चालूच झाली नाही. उन्हामुळे. उद्या पहाटे गार असेल. कुंदाला फोनवर सांगितलं, तयार राहा.

९ मे, आखाजी. दुपारी
पारोळ्याच्या अलीकडे बंद. ऊन मरणाचं. गाडी सोडून जाववत नाही, गाडीत बसवत नाही. भटू नावाचा ट्रॅक्टर मेकॅनिक बॉनेटमध्ये डोकं घालून बघून गेला. म्हणाला, गाडी बठ्ठी चांगली शे, फक्त चालत नही. धुळ्याच्या दोन एस.टी. समोरून गेल्या. हात केला नाही. मुराळी एस.टी.तून उतरलेला कुंदाच्या सासूने बघितला तर?

संध्याकाळी
ट्रॅक्टरने ओढत पारोळ्यात आणली. एस.टी.डी. बूथवरून फोन केला. कुंदाने उचलला. म्हणाली, सकाळपासून नवी साडी नेसून ओट्यावर बसले होते, आत्ता बदलली. शेजारच्या सुना माहेरी गेल्या, आखाजीचा झोका बांधलाय तो रिकामाच आहे. रडली नाही. मला रडू आलं.
मग तिने विचारलं, आबा, तुम्ही जेवले का?
मी सांगितलं, गाडी फार सुंदर आहे, बेटा.