आठशे मीटरचा झोत

३ नोव्हेंबर, सोमवार

आलो एकदाचे! दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे पत्र्याचा गोठा, तीन एकर जमीन आणि चौदा कोंबड्या. कोंबड्या घराबरोबर फुकट मिळाल्या. घर विकणारीनं त्या मोजल्याही नाहीत; किल्ली दादाच्या हातात ठेवली आणि आली तशी निघून गेली.

दादा एकतीस वर्षं ट्रक चालवून मोकळा झालाय. वहिनी गेल्यापासून त्याचं शहरात मन लागेना. मी लग्नाच्या भानगडीत पडलेच नाही, त्यामुळे मला कुणाला विचारायचं नव्हतं. चिमणे, चल, म्हणाला. आणि ही चोपन्न वर्षांची चिमणी शिवणयंत्र उचलून निघाली. यंत्र त्यानं आल्याआल्या खिडकीपाशी लावून दिलं. तिथून सगळं दिसतं: गोठा, खाली तारेचं कुंपण, त्याच्या पलीकडे ओढा आणि ओढ्यापलीकडे समोरचा उघडाबोडका उतार. त्यावर ना झाड ना घर. दादा म्हणाला, बरंय, भांडायला शेजारी नाही.

संध्याकाळी दोघं पायरीवर बसून चहा प्यायलो. इतकी शांतता की बशीत कप ठेवल्याचा आवाजही मोठा वाटला.

५ नोव्हेंबर, बुधवार

तीन शेळ्या आणल्या. एक गाभण आहे, आठवड्याभरात विईल म्हणतात. सकाळी दूधवाला येऊन ओळख करून गेला. हाडकुळा, बोलका माणूस. सायकलीची घंटा वाजत नाही म्हणून वळणावरूनच खोकत येतो.

रात्रीतून एक कोंबडी गेली. दादा आपली जुनी दोन सेलची टॉर्च घेऊन गोठ्याकडे गेला, तर उजेड गोठ्याच्या दारापर्यंतही पोचेना. त्यात त्याच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू धरू लागलाय. दगडाला अडखळला, अंगठा फुटला. हळद लावताना ऐकवत होता, की ज्याला समोरचं दिसतं तो घाबरत नाही, आणि ज्याला दिसत नाही त्याला अंगठे फोडून घ्यावे लागतात. तेव्हा चांगली टॉर्च घ्यायची ठरली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आजचा दिवस टॉर्चच्या पायी गेला. मुलगी पाहायला गेल्यासारखा दादा दुकानात बसला होता. दुकानदारानं आठ-नऊ नग काउंटरवर मांडले. दादानं एकेक हातात तोलला, काखेत धरून पाहिला (एका हातात बादली असली तर?), हातमोजा घालून बटण दाबून पाहिलं, आणि एक तर पोत्यावर मुद्दाम टाकला. दुकानदाराचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

मला आवडली ती बुटकी, पसरट उजेडाची. अख्खा गोठा एकदम उजळेल, खुंटीला अडकवता येते, पावसात भिजली तरी चालते, चार्जही करता येते आणि अडीअडचणीला सेलही घालता येतात. दुकानदाराचंही तेच म्हणणं होतं. शेतातलं काम हातभर अंतरावरचं असतं, लांबचा उजेड घेऊन काय विमान उतरवायचंय का? पण दादाची नजर मागच्या फळीवर गेली. काळी, लांब दांड्याची, आठशे मीटर झोत. हेडलाइट आहे हेडलाइट, म्हणाला.

दुकानदारानं सहज विचारलं, कुठल्या घरात उतरलात. सांगितलं. तर त्यानं ती काळी टॉर्च उचलून पुन्हा फळीवर ठेवली आणि ती विकायची नाही म्हणाला. दादा हट्टाला पेटला. शहरातली माणसं म्हणजे काय दुधखुळी वाटली का? शेवटी घेऊनच उठला. दुकानदारानं आमच्याकडे न बघता एवढंच सांगितलं, की निदान खाली धरा, पायाशी.

८ नोव्हेंबर, शनिवार

दिवेलागणीला दादानं टॉर्च लावली. बाई गं! पांढरीशुभ्र काठी अंधारात खुपसावी तसा झोत. गोठा, कुंपणाच्या तारा, ओढ्याचं पाणी, आणि मग सरळ पलीकडचा उतार. तिथला दगड न् दगड मोजता आला असता. दादा लहान पोरासारखा हसत होता. बघ, या डोळ्यानंही दिसतंय, म्हणाला.

मग ट्रकवरची त्याची जुनी खोड: एकदा लांब, दोनदा छोटा. समोरून येणाऱ्या गाडीला तो असा डिपर द्यायचा. म्हणजे, मी तुला पाहिलंय, तू ये.

समोरच्या उतारावरून उत्तर आलं. एकदा लांब, दोनदा छोटं.

दादा खूश. हा घ्या, निघाला शेजारी!

९ नोव्हेंबर, रविवार

दूधवाल्याला सांगितलं, तर त्याचं माप हातातच राहिलं. पलीकडे कुणी नाही म्हणाला. घर नाही, वाट नाही, गुरंही त्या बाजूला चरत नाहीत. इथली माणसं उजेड पायापुरताच ठेवतात. आधीचे मालक, त्यांना सगळे मास्तर म्हणत, त्यांनीही अशीच मोठी टॉर्च आणली होती. पुढे काय झालं विचारलं, तर म्हणाला, घर त्यांच्या सुनेनं विकलं ना? त्यांनी नाही. आणि खोकत निघून गेला.

दादानं ते हसण्यावारी नेलं. दुपारी आम्ही दोघं ओढा ओलांडून उतारावर जाऊन आलो. दगड, काटे, वाळकं गवत. एकाच ठिकाणी गवत दबलेलं होतं, दोन पावलांएवढं. कुणीतरी बराच काळ एका जागी उभं राहिल्यासारखं. येताना दादा माझ्यापुढे चालत होता, भरभर.

११ नोव्हेंबर, मंगळवार

काल आणि आज टॉर्च लावली नाही. तरी अंधार पडताच तो उजेड आला. आपणहून. उताराच्या मध्यावर.

पांढरा, आपल्या टॉर्चसारखाच. पण त्याच्या आजूबाजूचं काही उजळत नाही. दगड नाही, गवत नाही, धरणारा हात नाही. मी पडदा ओढला. दादा पडद्याच्या फटीतून बघत राहिला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज ओढ्याच्या काठाशी. पाण्यात त्याचं प्रतिबिंब पडलं नाही.

दादानं ठरवलंय, शेळी व्याली की सगळं विकून परत जायचं. माझ्याच तोंडून निघणार होतं ते. त्याला बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, माझी पुष्कळ गिऱ्हाइकं तिथं खोळंबलीत. एकही नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज काय झालं ते नीट लिहून ठेवते. उद्या विचारतील.

दिवस मावळताना शेळी व्यायला लागली. दादानं टॉर्च धरली, मी पिल्लू ओढून घेतलं. मागोमाग दुसरं. एकाएकी तिन्ही शेळ्यांनी कुंपणाकडे तोंडं केली. व्यालेलीनंसुद्धा, पिल्लांना न चाटता. आवाज नाही. उजेड तारेच्या पलीकडे होता, पन्नास पावलांवर.

दादा उठला. एकतीस वर्षांत समोरच्या उजेडाला भिऊन मी गाडी मागे घेतली नाही, म्हणाला. काय पाहिजे ते एकदा विचारूनच येतो. मी त्याची बाही धरली. त्यानं ती हलकेच सोडवली आणि म्हणाला, चिमणे, पिल्लं गारठतील, पूस तोवर, हा आलोच.

त्याचा झोत खाली जाताना दिसत होता. दोन उजेड समोरासमोर आले. मग दोन्ही एकदमच विझले.

मी घसा बसेपर्यंत हाका मारल्या.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

उजाडताच दूधवाल्यानं चौकीवर कळवलं. दोन शिपाई आले. दादाच्या पावलांचे ठसे कुंपणापर्यंत आहेत, पुढे नाहीत. तार कुठे तुटलेली नाही. टॉर्च मात्र पलीकडच्या उतारावर मिळाली, त्या दबलेल्या गवतात. शिपायांनी विचारलं, पीत होते का? घरात काही वाद? या वयात माणसं कधी कधी निघून जातात म्हणाले.

दूधवाला म्हणाला, ताई, माझ्या घरी चला, बायको अंथरूण घालील. मी नको म्हटलं. दादा भुकेला परत आला आणि घराला कुलूप दिसलं तर?

आता अंधार पडलाय. टॉर्च माझ्यासमोर टेबलावर आहे. बंद आहे. हात लावून पाहिली, गार आहे.

आणि पलीकडे उतारावर उजेड आहे. दोन आहेत.

१६ नोव्हेंबर, रविवार

दोघांतला डावीकडचा. एकदा लांब, दोनदा छोटा. थांबतो. पुन्हा. तासभर.

तो दादा नाही, मला कळतं. पहिल्या दिवशी त्यानंच दाखवलेली खूण ती, त्यांनी उचलली. एवढं कळतं मला.

पण असला तर? डोळ्यांनी अधू माणूस, तिकडे काट्यांत, बहीण उत्तर का देत नाही म्हणून —

१७ नोव्हेंबर, सोमवार

दिलं उत्तर. मीच दिलं. एकदा लांब, दोनदा छोटा.

दोन्ही उजेड हलले. लगेच.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी पिशवी भरून वळणापर्यंत गेले. आईनं जाताना माझा हात त्याच्या हातात दिला होता. त्यानं तो कधी सोडला नाही. मी कशी सोडू? परत आले.

शेळ्या सोडून दिल्या. जात नाहीत. कुंपणाकडे बघत उभ्या आहेत. दूधवाला आला नाही.

संध्याकाळ. दोन्ही कुंपणाच्या आत.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दारं लावली. फटींत चिंध्या कोंबल्या, शिवायला आणलेलं सगळं कापड संपलं. टॉर्चमधले सेल काढून टाकले. दिवा नाही लावणार. पायाशीसुद्धा नाही.

दादा, एक शब्द बोल. काहीही बोल. नुसता खाकरलास तरी —

पावलं वाजत नाहीत. बाहेर नाहीत बहुतेक. गेले असतील.

चाचपडत लिहितेय. ओळी एकमेकींवर चढत असतील. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. माझं काही झालं तर पिल्लं दूधवाल्याला

ओळ सरळ आली ही.

हात दिसतोय मला. अक्षरं दिसतायत. शाई ओली आहे तेही. मी दिवा लावलेला नाही. खिडकी बंद आहे, दार बंद —

उजेड पाठीमागून येतोय. पानावर माझ्या डोक्याची सावली पडलीय आणि तिच्या शेजारी