पंपाशेजारची खोली

३ फेब्रुवारी, सकाळ
बेटावर पोचलो. आई आणि ताई आठ तारखेच्या बोटीने येणार. बाबा गेल्यापासून आई झोपत नाही, नुसती पडून असते. ताई म्हणाली, तिला समुद्रावर नेऊ, खोली तू बघ, आयुष्यात एवढं एक काम धड कर. फोटो बघून खोली घेणाऱ्यांतला मी नाही. गादीवर पडून बघणार. संध्याकाळपर्यंत विषय संपला.

दुपार
पहिलं गेस्ट हाउस. स्वच्छ, समोर समुद्र. पण भिंतीपलीकडे पाण्याचा पंप. घुर्र, मग फुस्स, परत घुर्र. मालकीणबाई म्हणाल्या, सवय होते. म्हटलं, आमच्या आईला झोपायचंय हो. म्हणाल्या, बघा फिरून, याल परत. जसं काही बेटावर दुसऱ्या खोल्याच नाहीत.

४ फेब्रुवारी
दुसरीकडे गादी म्हणजे दगड. तिसरीकडे इतकी झकास की झोपच लागली. डोळे उघडले तर नवीन गिऱ्हाईक बॅगा घेऊन उभं. खोली गेली. पण टेस्टिंगची पद्धत बरोबर आहे, हे सिद्ध झालं.

५ फेब्रुवारी
टेकडीवरची खोली बघायला निघालो. वाटेत लोक जाळं ओढत होते, जरा हात लावला. दिवस गेला. ताईचा फोन. ठरलं का? म्हटलं, शॉर्टलिस्ट चालू आहे. तिने आईकडे दिला. आईने विचारलं, जेवलास का. हो म्हटलं. मग फोन ठेवला.

६ फेब्रुवारी
टेकडीवरची खोली पाहिली. पानसुद्धा वाजत नाही. हीच. पायऱ्या फार आहेत, आईचे गुडघे दुखतात, पण शांतता ती शांतता. उद्या पक्की करतो. एका रात्रीत कोण नेतंय.

७ फेब्रुवारी
नेली.

८ फेब्रुवारी
सगळं बेट फुल. पंपवाली तेवढी रिकामी. मालकीणबाईंनी काही न बोलता किल्ली दिली. ताईने त्यांचीही कसर भरून काढली. इतके दिवस काय वाळू चाळत होतास का, शहाण्या, वगैरे. आई खाटेवर बसली. भिंतीकडे बघत राहिली.

९ फेब्रुवारी, दुपार
आई रात्री झोपली. सकाळी चहा घेऊन परत झोपली. ताई दोनदा जाऊन श्वास बघून आली. मी म्हटलं, बघ, विचार करून निवडलीय.
उठल्यावर आई म्हणाली, अगदी ह्यांच्यासारखा घोरतो गं तो पंप. ताई हसली, मग डोळे पुसत बसली.
मी विचारलं, बाबा घोरायचे?
ताई म्हणाली, तू घरी असायचास कधी.

संध्याकाळ
व्हरांड्यात बसलोय. घुर्र, फुस्स. नीट ऐकतोय. काहीच आठवत नाही. मालकीणबाईंना विचारलं, बंद कधी होतो. टाकी भरली की, म्हणाल्या.
तोवर बसतो.