समन्स आणि सात लिव्हरचं कुलूप

३ मार्च
आजपासून रोजनिशी. डोकं थंड ठेवायचं. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवरून बँकेने माझ्यावर दावा ठोकलाय म्हणे. वसुलीवाल्या मधाळ बाईने फोनवर सांगितलं. इतक्या गोड आवाजात धमकी आजवर कोणी दिली नव्हती. हिला काही सांगितलेलं नाही. बायकोला उगाच टेन्शन कशाला?
माझा अभ्यास असा, की समन्स हातात पडल्याशिवाय केस सुरूच होत नाही. तेव्हा घ्यायचंच नाही. विषय संपला.

६ मार्च
किल्ल्या-कुलपांचं दुकान बंद ठेवलं. समन्स घेऊन कोर्टाचा बेलिफ आधी तिथेच येणार. ही कामावर गेली की मी गुपचूप परत घरी. दुपारचं जेवण डब्यातूनच खाल्लं, नाहीतर खरकटं ताट दिसलं असतं.

२ एप्रिल
दुकान बंदच. बोलावलं तर गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन किल्ल्या करून देतो. होम सर्व्हिस! जमाना त्याचाच आहे.

१९ एप्रिल
समोर तपकिरी बॅगवाला. दोनदा वर बघितलं. पडद्याआड उभं राहून माझे पाय गेले कामातून. त्याने बॅगेतून केळं काढून खाल्लं. बेलिफ लोक भलतेच सराईत असतात.

७ मे
वकीलबाईंकडे गेलो. दिवाळखोरी जाहीर केली की पाटी कोरी, हे त्यांना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, बघता येईल, पण आधी कोर्टात हजर व्हा, आणि अर्जात सगळी खाती दाखवा. बाई जरा निगेटिव्ह वाटल्या. फी कार्डावर चालेल का विचारलं, तर चष्मा काढून बघत राहिल्या.
जॉइंट अकाउंट दाखवायचा प्रश्नच नाही. त्यात हिचा पगार, हिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे पैसे. पहिलं नाव हिचं, म्हणजे सेफ. कोणी हात लावूच शकत नाही.

८ मे
पाटी कोरी होणारच आहे, तर शेवटच्या चालू कार्डावर हिच्यासाठी आरामखुर्ची घेतली. पाय वर करून बसता येतं. ही इतकी खूश झाली की मला जेवण गेलं नाही. म्हणाली, दुकान जोरात दिसतंय. म्हटलं, तुफान.

१४ जून
बेल वाजली. मी पलंगाखाली. नंतर बेलची वायरच काढून टाकली. तरी वाजते. मिक्सरमध्ये वाजते, नळात वाजते. हिने विचारलं, सारखे दचकता का? म्हटलं, कॉफी जास्त झाली.
भीती वाटते. हे फक्त इथे लिहितोय.

१ जुलै, सकाळ
मास्टरस्ट्रोक! जुनं कुलूप काढून दाराला सात लिव्हरचं बसवलं. बेलिफकडे किल्ली नसते हे मान्य, पण धंद्यातल्या माणसाने गाफील राहू नये. हिची किल्ली हिला संध्याकाळी देईन.

दुपार
आला! कुलपात काहीतरी घालून खुडबुड केली. मग दारावर थापा. मी फोन बंद करून बाथरूममध्ये, नळ पूर्ण सोडून. कुलूप तसूभर हललं नाही. शेवटी गेला. नळ बंद करून कान दिला, तर जिना उतरताना एक पाय ओढत होता. वयस्कर असावा. जरा वाईटच वाटलं.

संध्याकाळ
दार उघडलं तर ही जिन्यात बसलेली.
दुपारी पगार काढायला बँकेत गेली होती. जॉइंट खातं गोठवलेलं. घरी आली तर किल्ली लागेना. म्हणून नवी करून घ्यायला तसल्या गुडघ्याने चालत माझ्या दुकानात गेली. शटर बंद. शटरवर समन्स चिकटवलेलं, तारीख केव्हाच उलटलेली. चिकटवलं की मिळालंच असं धरतात, एकतर्फी निकाल होऊन खातंही गोठवतात, हे तिला शेजारच्या झेरॉक्सवाल्याने सांगितलं. अख्ख्या गल्लीने ते वाचलंय.
ओरडली नाही. एवढंच विचारलं, दुपारी घरात होतात? म्हटलं, नाही.
म्हणाली, नळ वाहत होता.
माझ्या हातातून नवी किल्ली घेतली, आत गेली आणि आतून कडी लावली. रोजनिशी खिशातच होती, जिन्यात बसून लिहितोय. कडी बाहेरून उघडत नाही, एवढं मला धंद्यातलं कळतं.